तळ्याचा काप

सिस्टरांच्या नवऱ्याला कचेरीत सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत तो ड्राफ्ट्समन होता आणि दुसऱ्याने मारलेली रेघ जशीच्या तशी राहू देणं त्याच्या जिवावर यायचं. शेजारच्या टेबलावरचा माणूस चहाला उठला की हा त्याच्या कागदावर वाकायचा, काहीतरी पुसायचा आणि तिथे स्वतःची, जास्त सरळ रेघ मारून ठेवायचा. आपलं हे नाव त्याला पुढे कळलं, पण त्यातली टोचणी कळली नाही. निरोपसमारंभात कुणीतरी थट्टेने त्याला विटेएवढं खोडरबर भेट दिलं, तर ते घरी आणून त्याने बायकोला दाखवलं आणि म्हणाला, बघ, लोकांना कदर होती. आपण या गोष्टीत त्याला अरेतुरेच करणार आहोत. अहोजाहो करायला सिस्टर आहेत, त्यांनी ते जन्मभर केलंय.

सिस्टर म्हणजे त्याची बायको. इस्पितळात नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात त्या नर्स होत्या. नोकरी संपली तरी दुकानात, बसमध्ये, शेजारीपाजारी त्या सिस्टरच राहिल्या. ओली, निसरडी, हातातून सुळकन निसटतील अशी बाळं त्यांनी आयुष्यभर हाताळली. नव्या पोरींना त्या शिकवायच्या की बाळ घट्ट धरायचं नसतं, नीट धरायचं असतं. त्यांच्या वॉर्डात कधी कुणाच्या हातून काही पडलं नाही असं नाही. पण सिस्टरांच्या हातून पडलं नाही.

नोकरी सुटल्यावर खोडरबराने पहिले काही महिने घर दुरुस्त केलं. म्हणजे डब्यांच्या जागा बदलल्या, घडी घातलेल्या चादरी उलगडून पुन्हा घडी घातल्या, नळ कसा बंद करायचा यावर सिस्टरांना दोनदा प्रात्यक्षिक दिलं. सिस्टर तोंड मिटून होत्या, पण ऐन भरात आलेल्या या सुधारणेने त्यांचं डोकं उठलं होतं. मग तो एका हौशी मंडळात जाऊ लागला. दगड कापून, घासून, त्यांच्या पोटातली नक्षी बाहेर काढणाऱ्या लोकांचं ते मंडळ. तिथून त्याने एक जुनी करवत आणली, एक घासायचं यंत्र आणलं, आणि मागच्या रिकाम्या गॅरेजात आपलं बस्तान हलवलं. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. डबे जागच्या जागी राहू लागले.

हे काम त्याच्यासाठीच जन्माला आलं होतं म्हणा ना. हिऱ्याची कणी बसवलेली पातळ चकती तेलात भिजत गरगर फिरते आणि दगडाचा काप निघतो, जाडी बोटभर. तो काप मग फिरत्या तबकडीवर घासायचा. आधी जाड भुकटीने, मग मध्यम, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड कापडावर, पॉलिशची पांढरी भुकटी लावून. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचे चरे घालवायचे. आणि मधे कुठे जाड भुकटीचा एक कण जरी बारीक तबकडीवर गेला, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. एकच लांब चरा उमटतो आणि तो घालवायचा तर पुन्हा मागे जाऊन पहिल्यापासून घासत या. त्यामुळे गॅरेजात नियम होते. प्रत्येक भुकटीचा वेगळा एप्रन, वेगळी बादली, वेगळा ब्रश. मधे हात धुवायचे, नखांतून ब्रश फिरवायचा. घरातल्या चपला घालून आत यायचं नाही. सिस्टर चहा घेऊन गेल्या की दारातच उभ्या राहून कप पुढे करायच्या, ऑपरेशन थिएटरच्या दारात नातेवाईक उभे राहतात तशा.

त्यांचं त्या दगडांशी वाकडं मात्र नव्हतं. उलट एक गोष्ट फार आवडायची. कोरडा काप म्हणजे मातकट, मेलेली फरशी. पण त्यावर पाणी टाकलं की आतून एकदम काहीतरी उजेडात यायचं. डोंगर, ढग, ओढ्याकाठची झाडी, कुणी बसलंय असा आकार. खोडरबर म्हणायचा, हे सगळं माती-लोखंडाचे थर आहेत, बघणाऱ्याचे भास आहेत. सिस्टर म्हणायच्या, असू द्या भास. पाणी सुकलं की चित्र पुन्हा जायचं. पॉलिश म्हणजे ते ओलेपण कायमचं करणं, एवढं त्यांना कळत होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

आता मुलीबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिच्यासाठीच घडली.

एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, अगदी मोजक्या माणसांत. जेवणाच्या वेळी तिने उठून एका कागदावरून चार ओळी वाचल्या होत्या. आईचे आभार, बाबांचे आभार, लहानपणीचं घर, असं. वाचताना तिचा आवाज भरून आला. समोर बसलेल्या खोडरबराचेही डोळे पाणावले होते, सिस्टरांनी ते स्वतः पाहिलं. तो कागद त्याने नंतर मागून घेतला. आठवड्याने तो एका पाकिटात घालून त्याने लेकीला परत दिला, आणि त्यावर लाल पेन्सिलने सगळं सुधारलेलं होतं. लांब वाक्यं तोडली होती, शब्द बदलले होते. ‘बाबांनी मला सगळं शिकवलं’ यातल्या ‘सगळं’खाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, ‘अतिशयोक्ती’. त्याच्या लेखी हे प्रेमच होतं. ज्या गोष्टीची त्याला पर्वा नसे तिला तो पेन्सिल लावत नसे. लेकीने तो कागद वाचला, त्याचे तुकडे करून पुन्हा पाकिटात घातले, पाकीट टेबलावर ठेवलं आणि गेली. पुन्हा आली नाही. फोन यायचा तो सिस्टरांच्या फोनवर, बोलणं सिस्टरांशी. बापाचा विषय निघाला की पलीकडे नुसती शांतता.

एवढ्याशा गोष्टीवरून? असं त्याने सिस्टरांना शंभरदा विचारलं असेल. सिस्टर काय सांगणार. एवढीशी गोष्ट ती शेवटची होती. शाळेतली चित्रं, केसांची वेणी, मैत्रिणींना लिहिलेली पत्रं, नोकरीचा अर्ज, सगळ्यावर ती पेन्सिल फिरली होती, आणि दर वेळी सिस्टरच म्हणाल्या होत्या, बाबांना एकदा दाखव, त्यांना बरं वाटेल.

एके दिवशी गॅरेजातून खोडरबराने हाक मारली. हाक मारून बोलावणं ही नवलाईच होती, म्हणून सिस्टर चपला बाहेर काढून लगबगीने गेल्या. मंडळातल्या कुणाकडून त्याने एक उशीएवढा धोंडा अदलाबदलीत आणला होता. त्याचे पहिले दोन काप काही खास निघाले नव्हते. तिसरा त्याच्या हातात होता, नुकताच करवतीतून काढून तेल पुसलेला. त्याने त्यावर ओला स्पंज फिरवला.

तळं होतं. वर पिवळसर आभाळ, खाली करडं पाणी, पाण्याच्या काठाला तीन-चार उभ्या काड्या लव्हाळ्यासारख्या, आणि उजवीकडे एक वाकलेलं झाड, जवळजवळ पाण्याला टेकलेलं. लेक लहान असताना ते कचेरीच्या वसाहतीत राहायचे, त्या वसाहतीच्या मागे असंच तळं होतं. असंच वाकलेलं झाड होतं, आणि त्याच्या खोडावर पोटाशी धरून पोरीला बसवलं की ती पाय पाण्यात सोडायची.

“अहो, हे आपलं,” त्या म्हणाल्या.

तो नेहमीप्रमाणे थर आणि लोखंड यावर सुरू होईल असं त्यांना वाटलं. पण तो कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हो, झाड अगदी तसंच आहे. सिस्टरांनी फोनवर फोटो काढला, पाणी सुकायच्या आत, आणि लेकीला पाठवला. उत्तर तासाभरात आलं. ‘हे आपलं तळं. मला हवंय. त्यांना विचार ना.’

हे सिस्टरांनी वाचून दाखवलं. त्याने फोन हातात घेऊन स्वतः वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. ‘त्यांना’ हा शब्द तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा वापरला होता, आणि तो शब्द म्हणजे तो स्वतः होता, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला असावा.

“देऊ या,” तो म्हणाला. मग म्हणाला, “पूर्ण करून देऊ.”

पुढचे दिवस घरात सणासारखे गेले. तो कामाला लागला आणि सिस्टर दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून गॅरेजाच्या दारात जाऊन उभ्या राहू लागल्या. तो कापावर फेल्ट पेनने जाळीसारख्या रेघा मारायचा, घासायचा, सगळ्या रेघा सारख्या गेल्या की ती पायरी झाली. हळूहळू तळं कोरडंसुद्धा दिसू लागलं. नमद्यावरून उतरलं तेव्हा तर पाण्यात खिडकीचं प्रतिबिंब पडत होतं. त्या दिवशी खोडरबराने आपणहून काप सिस्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो मऊ टॉवेलात गुंडाळून कपाटात चादरींच्या मधे ठेवला आणि लेकीला कळवलं, झालंय, ये. ती येत्या रविवारी येते म्हणाली. स्वतः येते, कुणाच्या हाती मागवत नाही. सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला टेकून एकट्याच रडल्या, आनंदाने.

गुरुवारी खोडरबर चहा पिता पिता म्हणाला, जरा तो काप दे, भिंगाखाली एकदा बघतो.

सिस्टर म्हणाल्या, कशाला, छान झालाय. तो म्हणाला, फक्त बघतो. त्या उठल्या. कपाट उघडलं, टॉवेल उलगडला, तळं बघितलं. त्यांना तेव्हा कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं, की हा टॉवेल परत गुंडाळावा आणि किल्ली कंबरेला लावावी. तरी त्या काप घेऊन बाहेर आल्या. इतक्या वर्षांची सवय पायांत भिनलेली असते.

“आता पुरे करा,” काप त्याच्या हाती देताना त्या म्हणाल्या. “हे आता तिचं झालं.”

“तिचं आहे म्हणूनच बघतोय,” तो म्हणाला.

आभाळात एक चरा होता. दिवा तिरपा धरला आणि भिंग लावलं तर केसाएवढा दिसायचा, एरवी नाही. सिस्टरांना भिंगातूनही तो आधी दिसेना. त्याने टोकदार काडीने दाखवला. मग म्हणाला, टॉवेलने पडला असेल, टॉवेलात धूळ असते, मला विचारून तरी गुंडाळायचा. सिस्टर म्हणाल्या, राहू द्या, कुणाला दिसणार आहे. तो म्हणाला, तिला दिसेल. खरं तर त्याला म्हणायचं होतं की आपल्याला दिसतंय, आणि आपण आता ते न दिसल्यासारखं करू शकत नाही. त्यात त्याचाही काही इलाज नव्हता. घाबरलेला माणूस होता तो. सहा वर्षांनी येणाऱ्या लेकीने एक बारीकशी खोट काढू नये, एवढंच त्याला हवं होतं. स्वतः सगळ्यांची खोट काढत आलेल्या माणसाला दुसरी कसली भीती वाटणार?

चरा काढायचा तर मागे जायला हवं. तो मागे गेला. असल्या दगडात चित्र फार खोल नसतं, वरच्या सालीत असतं, हे सिस्टरांना सांगणारा तोच होता. एकदा दुसऱ्या कुणाचा काप असाच वाया गेलेला दाखवून त्याने कीव केली होती. तरी त्याने जाड भुकटी घेतली. चरा गेला. चऱ्याखाली एक खड्डा निघाला, टाचणीच्या टोकाएवढा. खड्डा घालवायला आणखी घासलं. खड्डा गेला तेव्हा लव्हाळ्याच्या काड्या तुटक दिसत होत्या. आता त्या काड्या तरी सारख्या कराव्यात म्हणून, किंवा थांबलं तर झालेलं नुकसान कबूल करावं लागेल म्हणून, तो थांबलाच नाही.

यंत्राचा आवाज आज फार वेळ चाललाय हे सिस्टरांना घरात कळत होतं. त्या गेल्या तेव्हा तो पाठमोरा होता. चपला काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही आणि त्यानेही हटकलं नाही. तबकडीखालच्या ट्रेमधे पिवळट करडा गाळ साचला होता. काप त्याच्या हातात होता, धुतलेला, ओला. ओला असूनही त्यात काही नव्हतं. एकसारखा करडा रंग, कडेला एक तपकिरी डाग, जिथे झाडाचं मूळ असायला हवं होतं.

“दगडच तसा निघाला,” तो म्हणाला.

सिस्टरांनी आजवर त्याला पुष्कळ गोष्टी ऐकवल्या नव्हत्या. त्या सगळ्या त्या वेळी घशाशी आल्या. पण त्याच्या हातांना कोपरापर्यंत गाळ होता, आणि तो त्यांच्याकडे न बघता काप पुसत होता, पुन्हा पुन्हा, जणू पुसून काहीतरी वर येईल. कशाने कोण जाणे, त्यांना त्या क्षणी त्याची दया आली. ती यायला नको होती. त्या तशाच घरात गेल्या.

उरलेल्या धोंड्यातून त्याने पुढचा काप काढून पाहिला, तर करवतीच्या पात्याने खाल्लेल्या जागेतच चित्र संपलेलं होतं. तिथे सरळ पट्टे होते नुसते. तो करडा काप मात्र त्याने शनिवारी बसून पॉलिश केला. का, ते विचारू नका. अर्धवट ठेवणं त्याला जमलं नसतं. असं पॉलिश त्याने आजवर कधी केलं नव्हतं. भिंग लावून शोधलं तरी त्यात एक चरा सापडला नसता.

रविवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. दाढी करताना गाल कापून घेतला. लेकीला काय सांगायचं हे दोघांनी ठरवायलाच हवं होतं, पण ठरवायचं म्हणजे आधी झालेलं बोलायला हवं, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

लेक आली. थोडी जाड झाली होती, केस कापले होते. दारात तिने आईला मिठी मारली आणि मग बापाकडे पाहून, मान किंचित वाकडी करून म्हणाली, “बाबा, बरे आहात?” तो म्हणाला, हो. एवढंच म्हणाला. ती पर्स खाली ठेवता ठेवता हसून म्हणाली, “कुठंय माझं तळं?”

सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, गालावरच्या जखमेला चिकटवलेला कागदाचा तुकडा तेवढा लाल दिसत होता. सिस्टरांना एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. हा सांगणार, चरा होता, म्हणून घासला. ती ऐकणार. पर्स परत उचलणार. आणि या वेळी गेली की गेलीच.

“माझ्या हातून फुटलं,” सिस्टर म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग बापाकडे. तो त्यांच्याकडे बघत होता. आता तो म्हणेल, नाही, तसं नाही, असं सिस्टरांना वाटलं. म्हणावं अशी त्यांची इच्छा होती की नव्हती, हे त्यांना त्यानंतरही कधी ठरवता आलं नाही. त्याने मान खाली घातली.

“कसं?” लेकीने विचारलं.

“कपाटातून काढताना. निसटलं.”

“आणि तुकडे?”

सिस्टरांनी एवढा पुढचा विचार केला नव्हता. त्या म्हणाल्या, टाकले. लेकीच्या चेहऱ्यावर जे आलं ते सिस्टरांच्या ओळखीचं होतं. फक्त ते आजवर त्यांच्यासाठी कधी आलं नव्हतं.

जेवायला बसल्यावर खोडरबराला कंठ फुटला. सुरुवातीला तो चाचरत होता. म्हणाला, होतं असं, दगड आहे. मग लेक काप कसा होता विचारू लागली तसा तो सांगू लागला, झाड कसं उतरलं होतं, पाण्यात खिडकी कशी दिसायची. ते सगळं खरंच होतं. मग तो म्हणाला, मी हिला म्हणालो होतो तुकडे ठेव, चिकटवता आले असते. सिस्टरांचा घास हातातच राहिला. पाणी वाढण्याच्या निमित्ताने त्या उठल्या. परत आल्या तोवर गोष्टीत ओले हात आले होते. ही भांडी घासता घासता उठली, हात पुसले नाहीत, आणि पॉलिश केलेला दगड ओल्या हाताला साबणासारखा असतो. आधी जाड, मग मध्यम, मग बारीक, असं करत त्याने ते खोटं असं काही घासून काढलं की त्यात एक चरा राहिला नाही. आणि प्रत्येक वाक्यागणिक तो ताठ बसत गेला.

“जाऊ द्या हो बाबा,” लेक म्हणाली. “तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, तेच खूप आहे.”

जेवणानंतर ती आईबरोबर स्वयंपाकघरात आली. भांडी विसळता विसळता म्हणाली, आई, इतक्या वर्षांनी मी एक गोष्ट मागितली होती. सिस्टर म्हणाल्या, हं. मग थोड्या वेळाने लेकीचा आवाज बदलला.

“तुला खरं सांगू? मला वाटलं होतं, ते आता तुला सुनावतील. माझ्यासमोर. पण एक शब्द बोलले नाहीत गं. नुसती मान खाली घातली. किती बदललेत ते. मीच उगाच इतकी वर्षं धरून बसले.”

नळ चालू होता. सिस्टरांच्या हातात एक काचेचा पेला होता. आता सांगितलं तर? लेक शेजारी उभी होती, खांद्याला खांदा लागत होता, बापाबद्दल बोलताना तिचे डोळे मऊ झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. एक वाक्य, आणि ते डोळे पुन्हा पूर्वीसारखे झाले असते. त्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता, लेक आणि बाप एका खोलीत बसावेत म्हणून. ते बसले होते. सिस्टरांना रडू येईना, राग येईना, पेला तेवढा त्या धूत राहिल्या.

“तो पेला मी धुते,” लेक म्हणाली, आणि त्यांच्या हातातून काढून घेतला.

दुपारभर बापलेक गॅरेजात होते. चपला घातलेल्याच होत्या तिने, आतून ओरडा ऐकू आला नाही. यंत्र थोडा वेळ चाललं, मग थांबलं, मग हसण्याचा आवाज आला. सिस्टर चहा घेऊन गेल्या तेव्हा तो करडा काप लेकीच्या हातात होता. ती त्यावरून तळवा फिरवत होती, डोळे मिटून. म्हणाली, आई, हात लावून बघ, काय गुळगुळीत आहे, यात काहीच नाहीये, तरी किती छान वाटतं. मग विचारलं, हा त्याच दगडाचा? खोडरबर म्हणाला, त्याच दगडाचा. तेवढं तो खरं बोलला. तिने तो मागितला. त्याने दिला, आणि देताना त्याच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद होता की सिस्टरांना त्याच्याकडे बघवेना.

निघताना लेक दारात बूट घालायला वाकली. काप तिने बापाच्या जुन्या एप्रनमधे गुंडाळून घेतला होता आणि एका हाताने तो सांभाळत दुसऱ्या हाताने नाडी बांधायला बघत होती. जमेना. सिस्टर सवयीने पुढे झाल्या. दोन्ही तळवे वर करून, बोटं किंचित वाकवून, त्यांनी हात पुढे केले.

लेकीने त्या हातांकडे पाहिलं.

“तू नको गं आई,” ती म्हणाली. रागाने नव्हे, अगदी लाडाने म्हणाली. “बाबा धरतील.”

बाबांनी धरला. तिने नाडी बांधली, काप घेतला, बापाच्या गालाला, जखम चुकवून, गाल लावला. पुढच्या महिन्यात येते म्हणाली. आईला म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, कुणाच्याही हातून होतं. टॅक्सी गेली.

दोघं बराच वेळ दारात उभी होती. सिस्टर वाट बघत होत्या. फार नको होतं त्यांना. त्याने नुसतं खांद्यावर बोट टेकवलं असतं, नाव घेऊन हाक मारली असती, तरी त्यांनी उरलेलं आयुष्य ते ओझं वाहिलं असतं. तो घसा खाकरला. आत वळला. पंख्याचं बटण लावलं, खुर्चीत टेकला, आणि सुस्कारा टाकून, चुका समजावून सांगताना त्याचा जो शांत, धीराचा आवाज लागायचा त्या आवाजात म्हणाला,

“पण तू खरंच हात पुसून घ्यायला हवे होतेस.”

सिस्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.